देवीच्या वाटेवरील चित्रशाळा

ठाण्याच्या खोपट भागातील एस. टी. स्थानकावरून घाटावर जाणारा प्रवासी पुणे मागे टाकून साताऱ्यास उतरला आणि तेथून रहिमतपूरच्या बाजूने खटाव तालुक्यात शिरला, म्हणजे माळरानाच्या कडेला एक टेकडी त्याच्या दृष्टीस पडते. टेकडीच्या माथ्यावर यमाईदेवीचे मूळपीठ आहे. पायथ्याशी औंध नावाचे गाव आहे. पुण्यास लागून असलेले औंध ते वेगळे. हे पंतप्रतिनिधींच्या जुन्या संस्थानाचे औंध. देवीच्या दर्शनास निघालेला भाविक अर्धा डोंगर चढून जातो, तो त्याला वाटेत एक इमारत लागते. हेच श्रीभवानी संग्रहालय. शहरातल्या माणसास ज्या चित्रकारांची नावे केवळ ग्रंथांतून ठाऊक असतात, त्यांची मूळ चित्रे येथे एका खेड्याच्या डोंगरावर टांगलेली आहेत.

चित्रशाळा म्हटली की ती राजधानीच्या शहरात असावयाची, असा आपला समज आहे. मग ही येथे का आली? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपल्या निसर्गचित्रांच्या इतिहासाचे एक पान उलगडावे लागते.

आपल्याकडील जुन्या चित्रांत डोंगर, झाडे, नद्या नव्हत्या असे नव्हे. परंतु त्या कथेच्या मागे उभ्या असत. देव, राजा वा नायिका पुढे, आणि सृष्टी पाठीमागे. एखादे स्थळ केवळ त्या स्थळासाठीच, डोळ्यांना दिसते तसे, कागदावर उतरविण्याची रीत महाराष्ट्रात प्रामुख्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस आली. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार त्या सुमारास मुंबईस आला. मुंबई बेट आणि त्याचा आसमंत यांची त्याने काढलेली बारा दृश्ये त्याच्या मृत्यूनंतर, 1800 साली, लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. आपले ठाणे ज्या साष्टी बेटावर वसले आहे, त्याच बेटावरील कान्हेरीची लेणी या परदेशी डोळ्यांनी निरखली होती. हाच वेल्स पुण्यास गेला. पेशव्यांच्या दरबारी असलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा निघाली. तीत तयार झालेल्या गंगाराम तांबट या मराठी कलावंताने वेरूळ, कार्ले आदी ठिकाणची चित्रे काढली. पाहिलेले स्थळ पाहिले तसे रेखाटणाऱ्या आपल्या आरंभीच्या कलावंतांत त्याचे नाव घ्यावे लागते. परंतु त्याची पुष्कळशी चित्रे आज कोठे आहेत? अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात! ती तेथे जपली गेली, याबद्दल कृतज्ञ असावयास हवे. तथापि ज्या लेण्यांची ती चित्रे, त्या लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला ती कधी पाहावयास मिळाली नाहीत.

पुढे 1857 साली मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. समोर मांडलेली फळे, भांडी, कापडाची घडी पाहून हुबेहूब चित्र काढणे, अर्थात् स्थिरचित्र, हा तेथील शिक्षणाचा भाग झाला. आणि रंगांची पेटी घेऊन उघड्यावर बसणारी निसर्गचित्रकारांची एक परंपराही मुंबई प्रांतात रुजली. परंतु मोठा मान मिळे तो पौराणिक प्रसंगांना व व्यक्तिचित्रांना. तांब्या, केळीचे पान, ओढ्याकाठचे झाड, हे विषय सरावाचे मानले जात. शिवाय, चित्रांची प्रदर्शने शहरात भरत, पाहणारे शहरातले आणि विकत घेणारेही तेथलेच. चित्रातला ओढा मात्र खेड्यातला असे.

याच कलाशाळेत सावंतवाडीजवळच्या कोलगावचा एक तरुण शिकला. 1867 साली जन्मलेले हे श्रीपाद दामोदर सातवळेकर. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु आरंभी त्यांची उपजीविका कुंचल्यावर चालत होती. हैदराबाद, लाहोर अशी दूरदूरची शहरे त्यांनी चित्रकार म्हणून पाहिली, आणि 1918 च्या सुमारास ते औंधास येऊन राहिले. तेथेच त्यांचा स्वाध्याय मंडळाचा उद्योग वाढला. त्यांचे चिरंजीव माधवराव हे तर पुढे युरोपात शिकून आलेले ख्यातनाम चित्रकार झाले. पितापुत्रांची चित्रे औंधच्या संग्रहालयात आहेत. तेथेच रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, हळदणकर आहेत. पाश्चात्य कलावंतांच्या कृतीही आहेत, आणि हेन्री मूर यांचे मायलेकरांचे एक पाषाणशिल्पही आहे.

हे सारे जमविणारे औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. 1868 साली जन्मलेले बाळासाहेब 1909 मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्कारांचे प्रसारक म्हणून त्यांची ख्याती आहे. परंतु ते स्वतः कीर्तन करीत आणि चित्रेही काढीत. त्यांनी काढलेल्या चित्रांचे ‘चित्ररामायण’ 1916 साली प्रसिद्ध झाले. त्यांचे संस्थान अवघ्या 72 गावांचे. एवढ्या लहान संस्थानाच्या राजाने ही संपत्ती वाड्याच्या दिवाणखान्यात ठेविली असती, तरी त्यास कोणी दोष दिला नसता. त्यांनी ती डोंगराच्या वाटेवर आणली. 1938 मध्ये संग्रहालय लोकांस खुले झाले. आणि त्याच काळात, महात्मा गांधींच्या सल्ल्याने सिद्ध झालेल्या राज्यघटनेनुसार, 1939 साली त्यांनी आपली सत्ताही प्रजेच्या हाती सोपविली. या दोन गोष्टी एकाच मनातून निघाल्या होत्या, असे मला वाटते. राज्य रयतेचे असेल, तर रूप तेवढे वाड्याचे का राहावे?

आणि म्हणूनच संग्रहालयाच्या जागेचे महत्त्व आहे. देवीस नारळ घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला चित्रकलेची परिभाषा येत नाही. विदेशी पुराणातील प्रसंगापुढे तो गोंधळेल. परंतु निसर्गचित्रापुढे तोच खरा परीक्षक होय. आभाळ पावसाचे आहे की नुसते वांझ, ज्वारी निसवली आहे की नाही, ही सावली सकाळची की तिसऱ्या प्रहराची, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तसेच स्थिरचित्रातील घागरीचे. पाण्याने भरलेली घागर आणि रिकामी घागर यांतील फरक पाणी वाहणारीला जितका कळेल, तितका टीकाकाराला कळणार नाही. ज्या चित्रांना शहराने सरावाची म्हणून दुय्यम लेखिले, तीच खेड्यात सर्वांत आधी बोलकी होतात.

1948 साली औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि 1951 मध्ये बाळासाहेबही निवर्तले. राजे गेले, दरबार गेले. संस्थानिकांचे कितीतरी संग्रह पांगले. डोंगराच्या वाटेवरील हा संग्रह मात्र लोकांसाठी उघडा राहिला.

आपल्या ठाण्याभोवतीही खाडी आहे, येऊरचे डोंगर आहेत, आणि ते रंगविणारे हातही आहेत. त्यांची चित्रे कोठे टांगली जातील, हा प्रश्न लहान नाही. चित्र काढून होते तेव्हा चित्रकाराचे काम संपते. परंतु ज्याचे शेत त्यात उतरले आहे त्याने ते पाहिले, म्हणजेच ते पुरे होते. खोपटहून कधी सातारच्या बाजूस जाणे झाले, तर यमाईच्या दर्शनास अवश्य जावे. मात्र चढताना अर्ध्या वाटेवर थोडे थांबावे.