नगराचे सभागृह आणि नगराची तिजोरी

आपल्या सोलापुरातील हुतात्मा स्मृती मंदिर ज्याला ठाऊक नाही, असा मनुष्य शहरात विरळाच. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यास फासावर गेले. त्यांच्या स्मरणार्थ महानगरपालिकेचे हे नाट्यगृह आहे. त्याआधी, 6 एप्रिल 1930 रोजी, येथील नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज उभारला होता आणि मे महिन्यात शहराने लष्करी कायदा सोसला होता. ज्या गावाने आपल्या नगरसंस्थेसाठी एवढे भोगले, त्या गावात सभागृहाच्या दुरुस्तीसाठी पैसा कोठून आणावा हा प्रश्न पडावा, ह्याचे मला नवल वाटते.

नवल वाटते खरे. परंतु त्यामागे कारण आहे. सोलापूर 1964 साली महानगरपालिका झाले. तिचा कारभार ज्या 1949 च्या अधिनियमाने चालतो, त्यात कर्तव्यांचे दोन वर्ग आहेत. पाणी, सफाई, दिवाबत्ती ही अनिवार्य. नाट्यगृहांसारख्या इमारती ऐच्छिक. तिजोरी भरलेली असते तोवर हा भेद कोणाच्या ध्यानी येत नाही. ती आटली की प्रथम कात्री लागते ती ऐच्छिक खर्चाला.

आणि ती आटली. पूर्वी शहरात शिरणाऱ्या कापसावर, सुतावर, धान्यावर जकात असे. नाक्यावरच्या खोळंब्याने व्यापारी त्रासत, म्हणून तिची आठवण काढून रडावे असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या मागवाल्याने जन्मात नाटकाचे तिकीट काढले नाही, त्याचाही अंश तेथील दिव्यांत होता. 2010 नंतर मुंबईखेरीज इतर महानगरपालिकांची जकात उठली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. 1 ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांना तोही माफ झाला, आणि 2017 साली वस्तू व सेवा कर आला. राज्य सरकार भरपाई देते, हे खरे. तथापि वडिलोपार्जित शेती विकून भावाकडून महिन्याचा खर्च घेणाऱ्या गृहस्थासारखी संस्थेची स्थिती झाली. गिरण्याही एकामागून एक बंद पडल्याने गावातला दाताही उरला नाही.

अशा वेळी सोपा उपाय म्हणजे भाडे वाढविणे. तो मला घातक वाटतो. मराठी हौशी नाटकमंडळी, तेलुगू व कन्नड समाजांचे मेळावे, उर्दू मुशायरा, शाळांची स्नेहसंमेलने ह्यांना ते पेलत नाही. ती गेली की तारखा रिकाम्या पडतात आणि उत्पन्न उलट घटते. व्यापारी कार्यक्रमांकडून पुरते भाडे घ्यावे, त्याचा हिशेब निराळा ठेवावा आणि तो पैसा त्याच इमारतीच्या छपरावर व खुर्च्यांवर खर्चावा, असे माझे मत आहे.

संमेलनाची वर्गणी मी अनेक वर्षे वर्गावर्गांतून गोळा केली. भाड्याचा आकडा फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवरील गिरणीकामगारांची मुले माना खाली घालीत. त्यांतल्याच एकाने पुढे रंगमंचावर बाजीप्रभू उभा केला होता.