मातीच्या संडासाची कुळकथा

माणसाचा मैला घरापासून दूर नेण्यासाठी पिण्याजोगे पाणी खर्ची घालावे, ही रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे वय जेमतेम दोन शतकांचे आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांनी भुयारी गटारे बांधून ही रीत रूढ केली, तेव्हाच तिच्या शेजारी आणि बऱ्याच अंशी तिच्या विरोधात दुसरी एक परंपरा आकाराला येत होती, जिने मैला वाहून न नेता जागच्या जागी मातीत जिरवण्याचा मार्ग धरला. कंपोस्ट संडास, म्हणजे मैल्याचे माती, राख किंवा पालापाचोळा यांच्या साहाय्याने खत करणारे शौचालय, हे या परंपरेचे अपत्य होय. पाण्याची बचत हे आज त्याचे मुख्य समर्थन मानले जाते. तथापि त्याच्या मूळपुरुषांपैकी कोणी पाण्याचा हिशेब मांडून या कामाला लागलेला दिसत नाही. कोणाला रोगराईची चिंता होती, कोणाला जमिनीच्या कसाची, आणि कोकणातल्या एका सत्याग्रहीला तर ज्यांच्या डोक्यावर मैल्याची पाटी लादली गेली होती त्या माणसांची.

या कुळाचा आधुनिक आरंभ इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात सापडतो. तेथील फॉर्डिंग्टन गावचे धर्मगुरू हेन्री मौल यांनी १८४९ आणि १८५४ या दोन्ही कॉलऱ्याच्या साथी जवळून पाहिल्या होत्या, आणि घराघरांतील मैल्याच्या विहिरी हेच दुर्गंधीचे व रोगाचे आगर आहे अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांनी मैला उथळ चरात पुरून पाहिला, तेव्हा तीन-चार आठवड्यांत त्याचा मागमूस राहत नाही, आणि तीच माती वाळवून पुन्हा वापरली तरी तितकेच काम देते, असे त्यांना आढळले. या निरीक्षणावर बेतलेल्या ‘माती-संडासा’चे पेटंट त्यांनी १८६० साली घेतले. बैठकीच्या मागे चाळलेल्या कोरड्या मातीचा खोका, त्याला एक दांडा, आणि दांडा ओढला की खालच्या बादलीत पडणारी सुमारे पाऊण किलो माती, अशी ती साधी रचना होती. चिकणमातीचा अंश असलेली कोरडी माती ओल शोषते, दुर्गंधी निर्माण करणारा अमोनिया धरून ठेवते आणि तिच्यातील सूक्ष्मजीव हवेच्या सान्निध्यात मैल्याचे विघटन करतात. माती ओली झाली की मात्र हवा कोंडते आणि सगळे सडू लागते. म्हणूनच मौल यांनी मातीच्या कोरडेपणावर इतका भर दिला होता. लंडनसारख्या शहरात लाखो घरांना माती पुरवणे आणि वापरलेली माती परत नेणे हे गटारे बांधण्याहून अवघड होते, म्हणून मोठ्या शहरांनी पाण्याची वाट धरली; खेडी, लष्करी छावण्या आणि इस्पितळे यांत मात्र माती-संडास बराच काळ टिकला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात त्याचा मोठा प्रसार झाला.

हिंदुस्थानात मैल्याचे खत ही काही नवी वस्तू नव्हती. मराठीत त्याला सोनखत म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकात पुण्यासारख्या शहरातील मैला राखेत मिसळून, वाळवून बागाइतदारांना व ऊस लावणाऱ्यांना विकला जात असे. या व्यवहाराचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही, ती म्हणजे हे सारे खत एका विशिष्ट जातीच्या माणसांच्या हातांनी उपसलेले, डोक्यावरून वाहिलेले आणि त्यांच्याच हातांनी कालवलेले होते. जमिनीचा कस वाढवणाऱ्या या व्यवस्थेने माणसाला अस्पृश्य ठरवले, आणि ज्यांना आज कंपोस्ट संडासाचा पुरस्कार करायचा आहे त्यांनी हा वारसा पूर्ण भान ठेवून स्वीकारला पाहिजे.

खत करण्याच्या क्रियेला शास्त्रीय शिस्त लागली ती विसाव्या शतकात. इंदूर येथील संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण व माती यांचे थर रचून, ते ठरावीक काळाने परतवून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. त्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूला सी. एन. आचार्य यांनी शहरातील कचरा आणि मैला यांचे चरांमध्ये थर देऊन खत करण्याची रीत विकसित केली. दोहोंमागचे तत्त्व एकच आहे. सूक्ष्मजीवांना कर्ब आणि नत्र साधारणपणे पंचवीस ते तिसास एक या प्रमाणात लागतात, मैल्यात हे प्रमाण दहास एक किंवा त्याहूनही कमी असते, आणि म्हणून कर्बाने भरलेला पाचोळा, भुसा किंवा गवत त्यात घातल्याखेरीज नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातो, म्हणजे दुर्गंधी येते आणि खतही निकस होते.

या शास्त्राची माणसाच्या प्रतिष्ठेशी गाठ घालण्याचे श्रेय गांधीजींच्या आश्रमांना आणि विशेषतः सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांना द्यावे लागते. साबरमती आणि सेवाग्राम येथे आश्रमवासीयांनी आपला मैला आपणच उचलावा आणि शौचानंतर त्यावर माती टाकावी, असा दंडक होता. अप्पासाहेब १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. ते काम सवर्ण कैद्याला देता येत नाही म्हणून ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग पत्करला, आणि डिसेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. एका शौचकूपाच्या साफसफाईचा हक्क मागण्यासाठी दोन तुरुंगांत दोन माणसांनी अन्न सोडावे, ही घटना महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात जितकी ठळकपणे नोंदली जायला हवी होती तितकी ती नोंदली गेलेली नाही.

अप्पासाहेबांची पुढची पायरी अधिक मोलाची होती. सवर्णाने मैला उचलल्याने उचलणाऱ्याचे मन शुद्ध होईल, पण उचलण्याचे काम शिल्लकच राहील, हे त्यांना दिसत होते. म्हणून ताजा मैला कोणालाच हाताळावा लागू नये असा संडास घडवणे हे त्यांनी आपले काम मानले. कणकवलीजवळ १९४८ साली स्थापन झालेल्या गोपुरी आश्रमात मेलेल्या जनावरांचे कातडे सोडवण्यापासून सोनखतापर्यंत जी जी कामे समाजाने हीन ठरवली होती ती प्रतिष्ठेने करण्याचे प्रयोग झाले, आणि त्यांतूनच ‘गोपुरी संडास’ पुढे आला. त्याचे मर्म दोन घरांत, म्हणजे दोन कप्प्यांत, आहे. एक घर वापरात असताना प्रत्येक वेळी मैल्यावर माती, राख किंवा कोकणात ज्याला पातेरा म्हणतात तो सुका पाला पसरायचा. ते भरले की झाकून टाकायचे आणि दुसरे घर सुरू करायचे. दुसरे भरेपर्यंत पहिल्यातील मैल्याचे खत झालेले असते, आणि फावड्याने बाहेर काढताना ते बागेतल्या मातीइतकेच निर्धोक वाटते. प्रतीक्षेचा हा काळ म्हणजेच या संडासाचे खरे यंत्र होय, कारण रोगजंतू बहुतेक करून लवकर मरतात, पण जंतांची अंडी, त्यातही मोठ्या गोल जंतांची, अनेक महिने तग धरून राहतात, आणि वर्षभर थांबण्याचा नियम मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. नारळी-पोफळीच्या आगरांना खत हवे असते, पाचोळ्याला तोटा नसतो आणि पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी वर येत असल्यामुळे खोल खड्डे धोक्याचे ठरतात. अशा मुलखात हा संडास जन्माला यावा हे स्वाभाविकच होते.

अप्पासाहेबांचा हा वारसा घाटावर नेला तो डॉ. मापुस्कर यांनी. देहू येथील सरकारी आरोग्यकेंद्रात १९६०च्या सुमारास रुजू झालेल्या या डॉक्टरांना पोटाच्या विकारांचे मूळ उघड्यावरच्या शौचात असल्याचे दिसले. त्यांनी आरंभी बांधवलेले संडास पावसाळ्यात खचले आणि लोकांचा विश्वास उडाला, पण त्यांनी हे काम सोडले नाही. दोन दशकांच्या चिकाटीनंतर गावातील जवळजवळ प्रत्येक घराला संडास मिळाला. मैल्यापासून गॅस करण्याचे तंत्रही त्यांनी रुजवले, आणि देहूत उभ्या राहिलेल्या संस्थेला अप्पा पटवर्धनांचेच नाव दिले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

तथापि भारतीयांची शौचानंतर पाणी वापरण्याची सवय कोरड्या संडासाच्या आड येते, कारण पाण्याने माती भिजते आणि मौल यांना जी भीती होती तेच घडते. यावरचा तोडगा थोड्या पाण्याच्या संडासाने दिला. १९५०च्या दशकात सिंगूर, पूनमल्ली आणि नजफगड येथील प्रकल्पांतून हाताने पाणी ओतण्याचे भांडे विकसित झाले, आणि बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली स्थापन केलेल्या सुलभ संस्थेने दोन खड्ड्यांसह त्याचा देशभर प्रसार केला. या भांड्याची सारी करामत त्याच्या उतारात आणि वळणात आहे. तळाचा उतार २५ ते २८ अंश, म्हणजे शहरी भांड्याहून पुष्कळच तीव्र ठेवलेला असतो. त्याखालच्या वाकड्या नळीत, जिला गवंडी कोंबडा म्हणतात, साचून राहणारे पाणी वास व माश्या अडवते, त्याला जलबंद म्हणतात. शहरी भांड्यात या पाण्याची खोली ५० मिलिमीटर असते आणि ते उलथवायला मोठा लोंढा लागतो. येथे ती २० मिलिमीटरवर आणली, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. भांड्याचा पृष्ठभाग खरखरीत असेल तर मात्र हा हिशेब चुकतो, म्हणून सिमेंटच्या भांड्याऐवजी गुळगुळीत चिनी मातीचे भांडे घेणे ही चैन ठरत नाही.

पाश्चात्त्य बैठकीच्या संडासात हीच काटकसर उशिरा आली. ऑस्ट्रेलियात कारोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्प्सन यांनी १९८० साली लघवीसाठी अर्धी आणि शौचासाठी पूर्ण टाकी सोडणारी दोन बटणांची टाकी बनवली; अमेरिकेने १९९२च्या कायद्याने नव्या संडासांना सुमारे सहा लिटरची मर्यादा घातली. आपल्याकडच्या साखळी ओढण्याच्या जुन्या टाक्या एका खेपेस दहा ते साडेबारा लिटर पाणी सोडत असत. शहरी घरासाठी राष्ट्रीय बांधकाम संहिता माणशी रोज ४५ लिटर पाणी केवळ संडासासाठी धरते, तर जलजीवन मिशनने खेड्यातील माणसाच्या सर्व गरजांसाठी मिळून ५५ लिटर ठरवले आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पाण्याची वाटणी कोणत्या पायावर उभी आहे ते कळते.

महाराष्ट्रातील खेड्यांत आज दोन खड्ड्यांऐवजी एकच मोठी सेप्टिक टाकी बांधण्याचा कल दिसतो, कारण मोठी टाकी लवकर भरत नाही आणि खड्डा उपसण्याच्या कल्पनेचीच किळस येते. पण टाकी कधी ना कधी भरतेच, आणि तिच्यातील गाळ हा पुरता न कुजलेला मैलाच असतो. तो उपसण्यासाठी यंत्र पोचले नाही तर माणूस उतरतो, आणि हाताने मैला उपसण्यास बंदी घालणारे १९९३ व २०१३ चे कायदे असूनही अशा टाक्यांत गुदमरून माणसे मरतात. दोन खड्ड्यांच्या संडासात पहिला खड्डा भरला की मैला वळवणाऱ्या छोट्या चौकोनी हौदातले एक तोंड बंद करून दुसरे उघडायचे असते, आणि दुसरा खड्डा वापरात असतो तोवर पहिल्यातील मैला मातीसारखा होऊन जातो. जेथे काळी माती पाणी जिरवत नाही किंवा भूजल वर येते, तेथे खड्ड्यांचा आग्रह धरणे चूक आहे, आणि अशा ठिकाणी जमिनीवरच्या दोन घरांचा, पातेरा पसरण्याचा जुना गोपुरी संडास, शौचाचे पाणी वेगळ्या नळीने बाजूच्या झाडांकडे वळवून, आजही बांधण्याजोगा आहे.