स्टिपलिंग (पिस्तुलाची मूठ)

पॉलिमर सांगाड्याच्या पिस्तुलाची मूठ तापलेल्या टोकाने ठिपके उठवून खरखरीत करण्याची रीत. मूळ हेतू एकच: घामेजल्या किंवा ओल्या हातातून पकड निसटू नये. पोलादी पिस्तुलांच्या मुठींवर पोगराने ठोकून असे ठिपके पूर्वीही उठवीत. हेकलर अँड कॉख कंपनीचे व्हीपी७० (१९७०) हे पॉलिमर सांगाड्याचे आरंभीचे पिस्तूल. मात्र असे सांगाडे रुळले ते १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ स्वीकारल्यानंतर. त्याची सुरुवातीची मूठ अनेकांना गुळगुळीत वाटे. अमेरिकेत हौशी मालक हे काम घरीच, डाग देण्याच्या साध्या विजेच्या कावियाने करतात. प्लॅस्टिक उष्णतेने वितळते आणि ठिपक्याभोवती बारीक कडा उभी राहते. पकड देते ती ही कडा. काम दिसते सोपे, पण वितळलेले पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. टोक खोल गेले तर मुठीची भिंत पातळ होते, धूर अपायकारक असतो आणि उत्पादकाची हमी जाऊ शकते. सांगाड्यातील अनुक्रमांकाची धातुपट्टी अस्पर्श ठेवावी लागते. अनुक्रमांक खोडणे हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. फार तीक्ष्ण पोत तळहात सोलतो, कपड्यांचे अस्तरही झिजवतो. आता उत्पादक साच्यातच खरखरीत पोत देतात, तरी हौस ओसरलेली नाही.