डोंगर उतरल्यावर

आपल्या शाळेतून दहावी झाली की पुढचं शिक्षण कोल्हापुरात, हे ठरलेलंच असायचं. जोतिबाच्या डोंगरावरून शहर दिसायचं जवळ, पण तिथं राहायचं कुठं, हा प्रश्न मोठा होता.

जून १९८४. माझी सोय मामांकडे झाली होती. आपल्या वर्गातल्या एका मित्रासाठी आम्ही दोघं खोली शोधत होतो. एका घरात, जोतिबाची पोरं म्हणून कौतुकानं आत घेतलं, पाणी दिलं. भिंतीवर आपल्याच देवाचा फोटो होता. मग आडनाव विचारलं, आणि खोली अचानक "पाहुण्यांसाठी ठेवलेली" निघाली. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून चपला घालत राहिलो.

पुढे इतिहास शिकवायला लागलो तेव्हा ही गोष्ट किती जुनी आहे ते कळलं. शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी वसतिगृह काढलं, पण काही वर्षांतच तिथं ब्राह्मण विद्यार्थीच उरले. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहांनी जात पक्की झाली, असा आक्षेप घेतात. मला तो पोट भरलेल्यांचा वाटतो. खेड्यातून वळकटी घेऊन आलेल्या पोराला आधी पाठ टेकायला जागा लागते.

तरी त्या भिंती होत्याच. जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यानं नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावं लागलं, असं त्याच्या चरित्रात सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग काढलं. एकच चूल, एकच पंगत. हा भाग शिकवताना मला दर वर्षी त्या चपला आठवायच्या.

मित्राला अखेर एका बोर्डिंगमध्ये जागा मिळाली. अर्ज मी नेऊन दिला, ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधून पोचवली. माझं काम तिथं संपलं. त्याचं मात्र सुरू झालं. पुढच्या तीन वर्षांत डोंगरावरून आलेली आपल्या शाळेची पाच-सहा पोरं, खोली मिळेपर्यंत त्याच्या कॉटशेजारी सतरंजी टाकून झोपली. त्यांत जातीनं सगळे होते. मेसच्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांची. रेक्टर कानाडोळा करायचे. तुमच्यापैकी काहींनी ती भाकरी खाल्ली आहे, म्हणून नाव सांगत नाही.

त्या घराबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. मेळाव्याला येतोय म्हणून परवा त्याचा फोन आला. एसटीनं एकत्रच वर येऊ, म्हणाला.