व्ही.आय.पी. म्हणजे कोण?



आम्ही रसायनशास्त्राची माणसे संक्षेपांवरच जगतो. एच-टू-ओ लिहिले की जगात कोठेही पाणीच. माणसांच्या संक्षेपांचे मात्र तसे नसते. काळ बदलला की अर्थ बदलतो. 'व्ही.आय.पी.'चेच पाहा.

'व्हेरी इम्पॉर्टंट पर्सन' या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे फारशी जुनी नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९-४५) ती ब्रिटिश हवाई दलात रुळली. बड्या व्यक्तींची ने-आण करताना 'खास व्यवस्था ठेवा' एवढाच त्यांचा अर्थ. म्हणजे मुळात ती पदवी नव्हती, कामाची खूण होती.

पुढे स्वतंत्र भारतात ती खूण मानाची झाली. एक 'व्ही' पुरेना म्हणून दुसरा जोडला गेला. मंत्र्यांच्या मोटारीवर लाल दिवा आला आणि 'लाल दिव्याची गाडी मिळाली' म्हणजे मंत्रिपद मिळाले, असे मराठीत आपण सर्रास म्हणू लागलो. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दिव्याला लगाम घातला. १ मे २०१७ पासून, म्हणजे नेमका महाराष्ट्रदिनी, केंद्र सरकारने तो बंदच केला. आता गाडीवर दिवा तो रुग्णवाहिका, अग्निशमन दल अशा तातडीच्या सेवांना. जिथे काम, तिथे दिवा!

आता आपल्या पत्रांचे मायने आठवा. ती. म्हणजे तीर्थरूप, चि. म्हणजे चिरंजीव, वे.शा.सं. म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, रा.रा. म्हणजे राजमान्य राजश्री. यांतही उच्चनीच होते. बाईमाणसाला तर सौ. लिहायचे की गं.भा., हे नवऱ्याच्या असण्यानसण्यावर ठरे. ते काही भूषण नव्हे. पण घरातल्या धाकट्यापासून थोरल्यापर्यंत प्रत्येकाला एक अक्षर मिळे. वडिलांना ती. लिहिल्याने चि. कमी होत नसे. 'व्ही.आय.पी.'चे उलट आहे. एकाला अतिमहत्त्वाचा म्हटले की उरलेले आपोआप कमी महत्त्वाचे ठरतात.

हे आताच लिहिण्याचे कारण असे की, यंदाच्या गणेशोत्सवात पहिल्या दोन रांगांवर 'व्ही.आय.पी.' अशी पाटी लावावी, ही सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. पाहुण्यांची व देणगीदारांची सोय व्हायला हवी, यात वाद नाही. पण पहाटेपासून मोदक वळणाऱ्या भगिनी, खुर्च्या मांडणारी मुले आणि गेल्याच महिन्यात या देशात आलेले कुटुंब यांनी ती पाटी वाचून स्वतःला काय समजावे?

आम्हाला वाटते, खुर्चीवर कामाची खूणच लावावी : 'प्रमुख पाहुणे', 'आजी-आजोबा', 'तान्ह्या बाळांच्या माता'. कारण लिहिलेले असले म्हणजे मागे बसणाऱ्याला राग येत नाही.

पुढील बैठकीत आपले मत अवश्य मांडावे. लोभ आहेच, तो वाढावा.