करार, नोटीस पिरियड आणि विनू मंकड

मागच्या शनिवारी करमाळ्याला गेलो होतो. जेऊरला रेल्वेतून उतरलो, वडापमध्ये दाटीवाटीने बसून घरी पोचलो, तर तात्या टीव्हीसमोर. बातम्यांमध्ये युरोपातल्या कुठल्याशा फुटबॉलपटूचा पगार सांगत होते. आठवड्याचा! आणि एवढं असून त्याचं क्लबाशी फाटलंय, त्याला अजून वाढवून पाहिजेत, नाहीतर तो दुसरीकडे जाणार म्हणे.

"आठवड्याला?" तात्या म्हणाले. "आरं, तेवढ्यात आपल्या अख्ख्या तालुक्यातल्या शाळांचे पगार निघतील. आन् तरी अजून पाहिजे. ह्याला माज म्हणतात, दुसरं काय?"

तात्या म्हणजे माझे चुलते. झेडपीच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झाले. एरवी मी अशा वेळी मान डोलावतो आणि चहाची वाट बघतो. पण परवा तसं करता येत नव्हतं, कारण त्याच टेबलावर त्यांच्या मुलाचं, म्हणजे आमच्या धाकट्याचं, ऑफर लेटर पडलेलं होतं. कॅंपसमधून लागलेली पहिली नोकरी. बारा पानं. सातव्या पानावर दोन वर्षांचा बॉण्ड, मध्येच सोडली तर दीड लाख भरा, आणि जॉइन होताना मूळ मार्कशीटा कंपनीकडे जमा करा. तात्यांचं म्हणणं होतं की डोळे झाकून सही कर, नोकरी देतायत हे काय कमी आहे? धाकट्याचं म्हणणं काहीच नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

माझ्या पहिल्या कंपनीतही असाच बॉण्ड होता. मीही डोळे झाकूनच सही केली होती. सव्वा वर्षाने चांगली ऑफर आली तेव्हा कळलं की माझी डिग्री कुणाच्या तरी कपाटात कुलूपबंद आहे. ती परत मिळेपर्यंत नवी ऑफर निघून गेली. त्यामुळे हा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलतो. असो.

तर तात्यांना मी विनू मंकडची गोष्ट सांगितली. तात्या क्रिकेटचे जुने भक्त. रेडिओ कानाला लावून कॉमेंटरी ऐकणारी ती पिढी. मंकड म्हटलं की त्यांना पंकज रॉयबरोबरची १९५६ ची ४१३ ची सलामी आठवते. ही गोष्ट त्याच्या चार वर्षं आधीची.

फेब्रुवारी १९५२. मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवलं. भारताचा हा पहिलावहिला टेस्ट विजय. कॅप्टन होते आपल्या सांगलीचे विजय हजारे. आणि मॅच काढली होती मंकडने: पहिल्या डावात ५५ धावांत ८ विकेट, दुसऱ्यात ५३ धावांत ४. जामनगरचा हा माणूस तोवर मुंबईकडून खेळायला लागला होता. त्याच उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर जाणार होता. म्हणजे या माणसाचं नाव यादीत पहिलं असायला हवं, बरोबर?

इथेच घोळ झाला. त्याच उन्हाळ्यासाठी मंकडच्या हातात दुसरी एक ऑफर होती. लॅंकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबाची. ही लीग म्हणजे कापडगिरण्यांच्या छोट्या छोट्या गावांची स्पर्धा. बाकीचे खेळाडू हौशी, आठवडाभर कामधंदा करणारे, आणि प्रत्येक क्लबात एक पगारी प्रोफेशनल. वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ पासून नेल्सनच्या क्लबात असाच होता. आपले हजारेही १९४९ मध्ये रॉटनस्टॉलकडून खेळले होते. आपल्याकडे त्या काळात टेस्टचे अडीचशे रुपये मिळायचे, तेही टेस्ट असेल तेव्हा. त्यापुढे पूर्ण सीझनचा ठरलेला पगार म्हणजे मोठीच गोष्ट.

मंकडने बोर्डाला विचारलं की दौऱ्यासाठी माझी निवड नक्की आहे का? नक्की असेल तर मी हॅसलिंग्डनला नाही म्हणतो. बोर्डाने हमी द्यायला नकार दिला. मंकडने हॅसलिंग्डनचा करार केला.

इथे तात्यांनी मला थांबवलं. "बोर्डाचं काय चुकलं? देशासाठी खेळायचं आन् ग्यारंटी मागायची?"

प्रश्न खोटा नाही. एकाला हमी दिली की उद्या सगळेच मागणार. निवड फॉर्मवर व्हायला हवी, आधी दिलेल्या शब्दावर नाही. तत्त्व म्हणून बोर्डाचं बरोबरच होतं. पण जरा दुसऱ्या बाजूने बघा. मंकड तेव्हा ३४ वर्षांचा होता. बोर्ड त्याला सांगत होतं की तू आमच्यासाठी मोकळा राहा, पण आम्ही तुझ्यासाठी बांधील नाही. म्हणजे दोरी एकाच टोकाला बांधलेली. आता हे वाक्य तुमच्या नोटीस पिरियडला लावून बघा. आपण सोडायचं तर ९० दिवस, आणि त्यांनी काढायचं ठरवलं की त्याच संध्याकाळी लॅपटॉप जमा!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जून १९५२, लीड्सची पहिली टेस्ट. पहिल्या डावात विजय मांजरेकरने १३३ केल्या होत्या. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमन नावाचा नवा पोरगा धावत आला आणि भारताची धावसंख्या झाली शून्यावर चार बाद. चौदा चेंडूंत! ट्रूमनने घेतलेल्या तिघांत आपले माधव मंत्री, म्हणजे गावसकरचे मामा, आणि मांजरेकरही होता. हजारे आणि दत्तू फडकरने नंतर डाव थोडा सावरला, पण टेस्ट गेलीच.

आणि मग बोर्डाला मंकड आठवला. ज्या माणसाला हमी द्यायची नव्हती, त्याला परत मिळवण्यासाठी आता एका गिरणगावच्या क्लबाशी बोलणी करावी लागली. हॅसलिंग्डनने त्याला मोकळं केलं. १९ जूनला लॉर्ड्सची टेस्ट सुरू झाली. मंकड पहिल्या डावात ७२. मग ७३ ओव्हर बॉलिंग, १९६ धावांत ५ विकेट. त्यानंतर दुसऱ्या डावात पुन्हा ओपनिंगला येऊन १८४. चौथ्या डावात अजून २४ ओव्हर टाकल्या. भारत ८ विकेटने हरला, तरी ती टेस्ट आजही मंकडची टेस्ट म्हणूनच ओळखली जाते.

लगेच "बघा, मंकड आला आणि चमत्कार झाला" असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. पुढच्या मॅंचेस्टर टेस्टला मंकड होता, तरी भारत एकाच दिवसात ५८ आणि ८२ मध्ये दोनदा ऑल आउट झाला. मुद्दा निकालाचा नाहीच. मुद्दा असा की जानेवारीत आणि जूनमध्ये माणूस तोच होता. फरक एवढाच, की जूनमध्ये त्याच्याशी बोलायची गरज बोर्डाला होती, आणि त्याच्या खिशात दुसरा करार होता.

तो दुसरा करार नसला की काय होतं, तेही आपल्याच मुंबईत घडलंय. सुभाष गुप्ते. ३६ टेस्टमध्ये १४९ विकेट घेणारा लेगस्पिनर. १९६१ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत दिल्लीच्या हॉटेलात त्याच्या रूममेटने, कृपालसिंगने, रिसेप्शनिस्टला फोन केला. तिने तक्रार केली. फोन गुप्तेने केलेला नव्हता. पण खोली त्याचीही होती, म्हणून दोघांवर कारवाई झाली आणि १९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातून गुप्तेचं नाव गेलं. तो पुन्हा भारताकडून टेस्ट खेळला नाही. पुढे त्रिनिदादला, बायकोच्या देशात, स्थायिक झाला आणि २००२ मध्ये तिथेच गेला. जाब विचारायला ना करार होता, ना संघटना.

योगायोग बघा. त्याच १९६१ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूंनी संपाची धमकी देऊन जुनी पगारमर्यादा मोडून काढली होती. तोवर इंग्लंडचा कितीही मोठा स्टार असला तरी आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड. मर्यादा उठल्यावर फुलहॅमने जॉनी हेन्सला थेट १०० पौंड देऊ केले. पण पगाराहून वाईट नियम दुसराच होता. करार संपला तरी क्लब खेळाडूला धरून ठेवू शकायचा. जॉर्ज ईस्टहॅमला न्यूकॅसल सोडायचं होतं, क्लब सोडेना. त्याने खेळणं बंद केलं आणि चक्क बूच विकायची नोकरी धरली. शेवटी क्लबाने त्याला आर्सेनलला विकलं, तरी तो कोर्टात गेला, आणि १९६३ मध्ये कोर्टाने सांगितलं की ही पद्धत म्हणजे माणसाच्या धंद्यावर घातलेलं गैरवाजवी बंधन आहे. युरोपात करार संपलेला खेळाडू फुकट मोकळा व्हायला मात्र १९९५ चा बॉसमन खटला यावा लागला. आज टीव्हीवर तात्यांना जो माज दिसतो, त्याच्या मुळाशी बूच विकणारा ईस्टहॅम आहे.

आपल्याकडे हे सगळं सावकाश झालं. १९८३ चा वर्ल्डकप जिंकला तेव्हा खेळाडूंना बक्षीस द्यायला बोर्डाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला, एक पैसा घेतला नाही, आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाले. ऐकायला छान वाटतं, पण जगज्जेत्यांची कमाई गायिकेच्या दातृत्वावर अवलंबून होती हेही त्यात आहेच. १९८९ मध्ये वेस्ट इंडिजहून परतताना खेळाडू बोर्डाचं न ऐकता अमेरिका-कॅनडात प्रदर्शनीय सामने खेळले. बोर्डाने कॅप्टन दिलीप वेंगसरकर, कपिल, शास्त्री, अझर, किरण मोरे आणि अरुण लाल या सहा जणांवर एक वर्षाची बंदी घातली. हे गेले सुप्रीम कोर्टात. बंदी उठली! पण कर्णधारपद वेंगसरकरकडून श्रीकांतकडे गेलं. म्हणजे कोर्टात जिंकता येतं, ऑफिसात जिंकता येतंच असं नाही. हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला नको.

बोर्डाने वार्षिक करार सुरू केले ते २००४ मध्ये. वरच्या गटाला ५० लाख, मग ३५ आणि २०. लीड्सच्या त्या शून्यावर चारनंतर ५२ वर्षांनी! महिला आणि पुरुषांची मॅच फी सारखी व्हायला तर २०२२ उजाडलं. २०२३ च्या पहिल्या महिला लिलावात हजाऱ्यांच्याच सांगलीची स्मृती मानधना ३ कोटी ४० लाखांना गेली, तेव्हा मला तरी फार बरं वाटलं.

आता सगळं आलबेल आहे का? २०१० मध्ये रवींद्र जडेजाने राजस्थानचा करार वाढवायचा सोडून दुसऱ्या टीमशी परस्पर बोलणी केली म्हणून त्याला आयपीएलचा पूर्ण सीझन बाहेर बसवलं. जडेजाही जामनगरचाच, डावखुरा स्पिनर आणि ऑलराउंडर, अगदी मंकडसारखा. पैसा हजारपट वाढला, पण कुणाकडे खेळायचं हे स्वतः ठरवायचा हक्क तसा वाढला नाही. लिलावात बोली तुमच्यावर लागते, तुम्ही लावत नाही.

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी उचलच की रं ही."

मला हे सुचलंच नव्हतं. करमाळ्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादम सीझनच्या आधी उचल देतो. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ती उचल फिटेपर्यंत बांधलेली. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. तात्यांनी तीस वर्षं त्या टोळ्यांतली पोरं शाळेत येताना आणि अर्ध्यातून जाताना बघितली आहेत. मंकड, धाकटा आणि कोयता यांची बरोबरी नाही हे उघड आहे. कोट्यधीश खेळाडूचं दुःख आणि ऊसतोडीचं दुःख एका तराजूत घालणारा मी कोण? पण दोरी बांधायची पद्धत मात्र ओळखीची आहे. एक टोक घट्ट, दुसरं मोकळं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बॉण्ड म्हणजे कागदाचा तुकडा, कोर्टात टिकत नाही, असं आपल्यात सर्रास म्हणतात. ते खरं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम धंद्यावरच्या बंधनाला अवैध म्हणतं हे खरं, पण २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बॅंकेची, तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरा, ही अट योग्य ठरवली. तेव्हा सही करण्याआधी विचारायचं. सही केल्यावर रडायचं नाही.

रविवारी सकाळी धाकट्याने एचआरला मेल लिहिली. दीड लाखाची अट मान्य, पण जसजसे महिने भरतील तशी रक्कम कमी व्हावी. आणि मार्कशीटांच्या झेरॉक्स देतो, मूळ कागद देणार नाही. मेलचा मसुदा तात्यांनी तपासला. लाल पेनने. दोन ठिकाणी 'कृपया' खोडलं.

सेंड दाबताना पोराचा हात थरथरत होता. उत्तर अजून आलेलं नाही. नाहीच म्हणाले तर काय करायचं, हे त्या घरात अजून ठरलेलं नाही, आणि त्याच्या खिशात हॅसलिंग्डन नाही हेही आम्हाला माहीत आहे. पण विचारलं तरी. मी माझ्या वेळी तेवढंही केलं नव्हतं.