चार जून आणि शाकारलेल्या होड्या

4 जून 2024. मासेमारीबंदी 1 जूनलाच सुरू झाली होती. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर आमची होडी वर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेली. मी मात्र मोबाइलवर निफ्टीचे पुट विकून बसलो होतो. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर बाजार तीन टक्क्यांहून जास्त चढला होता, मग भीती कसली? निकालाच्या दिवशी निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडून 21,884 वर बंद झाला. इंजिनच्या दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसे दुपारपर्यंत संपले होते.

बाबा एवढंच म्हणाले, "मेल्या, बंदीत होडी दर्यात घातलंस?"

त्यानंतर मी ऑप्शनचा इतिहास वाचायला घेतला. अ‍ॅरिस्टॉटलने थेल्सची गोष्ट सांगितली आहे. यंदा ऑलिव्ह उदंड पिकणार हे ताडून थेल्सने हिवाळ्यातच थोडी अनामत दिली आणि तेलाचे घाणे धरून ठेवले. हंगामात ते चढ्या भाड्याने दिले. पीक बुडालं असतं तर अनामत गेली असती, घर नाही.

मुंबईने उलटी बाजू पाहिली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात आला आणि बॅक बे रेक्लमेशनचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 पर्यंत गेला. लोकांनी 1 जुलै 1865 या तारखेचे वायदे करून ठेवले. त्याआधीच युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि त्या दिवशी देणं फेडायला अनेकांकडे काहीच नव्हतं. हे ऑप्शन नव्हते. थेल्सकडे हक्क होता, यांच्या गळ्यात बंधन होतं.

आपल्याकडे ऑप्शनला तेजी-मंदी म्हणत. 1956 च्या कायद्यात 'तेजी', 'मंदी', 'गल्ली' हे शब्द तसेच आहेत, बंदी घालण्यासाठी. ती बंदी 1995 मध्ये उठली. निफ्टीचे ऑप्शन सुरू झाले 4 जून 2001 ला. माझे पैसे गेले ते बरोबर तेवीस वर्षांनी.

माझी चूक आकड्यांत सांगतो. समजा, 23,000 चा पुट 200 रुपयांना विकला. तेव्हाचा लॉट 25 चा, म्हणजे हातात 5,000. घेणारा थेल्स आहे, त्याचं नुकसान फार तर तेवढंच. पण 21,884 ला हिशेब झाला तर विकणारा 27,900 देणं लागतो. मिळालेले 5,000 वजा केले तरी 22,900 खिशातून. मी थेल्सच्या नाही, घाणेवाल्याच्या जागी बसलो होतो, तेही दहा लॉट घेऊन.

म्हणून नुसते ऑप्शन घेत सुटावं असंही नाही. छोटी अनामत रोज गेली तरी खिसा रिकामाच होतो. सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले.

आता विकायचाच झाला तर मी खालच्या भावाचा पुट आधी विकत घेतो. नफा कमी होतो, पण तोट्याला तळ मिळतो. एका सौद्यात किती घालवायचे ते आधी कागदावर लिहितो. आणि निकाल, बजेट असल्या दिवशी होडी वरच.

इंजिन पुढच्या हंगामात दुरुस्त झालं. पैसे बाबांनी उसने आणले होते. ते मी अजून फेडतो आहे.